इस्तंबूलच्या बाजारात किलिम घेताना

इस्तंबूलला निघायच्या आधी, तिकडे जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हाला एकच सल्ला दिला होता: दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये गेलो. सोबत सासूबाई होत्या आणि घरासाठी एक हातमागावरचं किलिम, म्हणजे सतरंजीसारखं सपाट विणलेलं जाजम, आणायचं हे नक्की होतं. तिथून आल्यापासून मी हा निम्म्याचा सल्ला कुणालाही देत नाही. निम्मं कशाचं? दुकानदाराने तोंडाला येईल ती रक्कम सांगितली असेल तर तिचं निम्मंही जास्तच होतं. त्याने रास्त भाव सांगितला असेल, तर निम्मं म्हणजे त्याचा आणि ते विणणाऱ्या बाईचा अपमान. वस्तू कळत नसेल तर भाव करायला हाताशी काही नसतं, नुसते आकडे फेकले जातात.

सासूबाई मूळच्या येवल्याच्या. माहेरी पैठणीचा माग होता, शाळेतून आल्यावर कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या, भरायचं काम त्यांच्याकडे असायचं. लग्न होऊन नाशिकला आल्यावर मागाशी संबंध सुटला, पण कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची सवय काही गेली नाही. बाजारातल्या आमच्या घासाघिशीचं सगळं भांडवल ही सवय होती, आणि हे मला तिथे गेल्यावर कळलं.

खरेदीच्या आधी आम्ही सुल्तानअहमत चौकातल्या तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालयात गेलो. इब्राहिम पाशाच्या जुन्या वाड्यात ते आहे. कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीत सापडलेले तेराव्या शतकातले, सेल्जुक सुलतानांच्या काळातले गालिचे तिथे ठेवलेत. ठिकठिकाणी झिजलेले, काहींचे तर तुकडेच उरलेले, पण लाल आणि निळा अजून जिवंत. किलिम घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगेन की पहिले काही तास इथे घालवा. इथलं काहीच विकाऊ नाही, कुणी मागे लागत नाही, त्यामुळे नजर स्थिरावते. सातशे वर्षांपूर्वीचा मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढलेला लाल डोळ्यांत बसला की दुकानातला भडक रासायनिक लाल आपोआप वेगळा पडतो. कारागिरीला चेहरा असतो आणि तो ओळखायला अशा जागी बसूनच शिकावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

गालिचा आणि किलिम यांत फरक आहे. गालिच्यात उभ्या धाग्यांना गाठी मारून लव काढतात. किलिम सपाट विणलेलं, सतरंजीच्या जातीचं. लव नसल्यामुळे त्याची घडी लहान होते, वजन कमी असतं, भावही गालिच्याहून बराच खाली असतो. विमानातल्या सामानात बसेल आणि खिशाला झेपेल असं काही हवं असेल तर किलिमच बरं.

ग्रँड बझारला तिकडे कपालीचार्शी म्हणतात, म्हणजे वर छप्पर असलेला बाजार. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने थोड्याच वर्षांत त्याचं बांधकाम सुरू केलं. आधी मौल्यवान मालासाठी जाड भिंतींची दगडी पेठ उभी राहिली, मग तिच्याभोवती गल्ल्या वाढत गेल्या. आज साठेक गल्ल्या आणि हजारो दुकानं आहेत. रविवारी सगळं बंद असतं, तेव्हा बेत आखताना तो दिवस सोडावा. सोनाराच्या गल्लीतून आत शिरलं की दिव्यांची दुकानं, चामडं, तांबं, निळ्या डोळ्यांचे मणी. दोन्ही बाजूंनी हाका येतात. 'इंडिया? शाहरुख खान!' हे तर पावलापावलाला. सासूबाईंना सगळे 'आब्ला', म्हणजे ताई, म्हणत होते आणि त्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करून पुढे जात होत्या. त्या नमस्कारानंतर कुणी आमच्या मागे लागलं नाही.

पहिल्या फेरीत काही घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. फक्त विचारायचं आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवायचं: लांबी-रुंदी, लोकर की सुती, नवं की जुनं, काय सांगितलं. साधारण चार बाय सहा फुटांच्या हातविणीच्या किलिमला कुणी 250 युरो सांगत होतं, कुणी 900. इतका फरक बघून आधी डोकं गरगरलं, पण संध्याकाळी हॉटेलात ती यादी समोर ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. मुख्य गल्लीवरची, झगमगत्या दिव्यांची दुकानं वर होती. आतल्या बोळांत, जुन्या सरायांच्या चौकांत तोच माल खाली होता. बहुतेक आकडे चारशेच्या आसपास जमत होते. भाव न करताच सांगितलेली ही रक्कम, म्हणजे खरा भाव तिच्याही खाली. दुसऱ्या दिवशी आम्ही एवढी माहिती घेऊन बाहेर पडलो.

भाव युरोत का, हा प्रश्न पडतोच. तुर्कस्तानात ऑक्टोबर 2022 मध्ये महागाईचा सरकारी वार्षिक दर 85 टक्क्यांच्या वर गेला होता आणि लिरा सतत घसरत होता. आम्ही होतो तेव्हा एक लिरा साधारण तीन रुपयांना पडत होता. महिनोन् महिने दुकानात पडून राहणाऱ्या मालाची किंमत लिऱ्यात लावली तर विकेपर्यंत व्यापारी बुडेल. म्हणून गालिचे-किलिम युरोत किंवा डॉलरमध्ये, आणि मणी, चुंबकं, चहाचे पेले लिऱ्यात. आपण हे समजून बोललो की दुकानदाराचा सूरही बदलतो. परदेशी पाहुणा आपल्याला लुटारू समजत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं.

निळ्या मशिदीच्या आसपास छान इंग्रजी बोलणारी मंडळी भेटतात. रस्ता दाखवतात, इतिहास सांगतात, मला काही विकायचं नाही म्हणतात, आणि चालता चालता काकांच्या किंवा मामांच्या गालिच्याच्या दुकानाशी आणून सोडतात. त्यांचं पोट त्यावर चालतं, त्याबद्दल राग नाही. पण तुम्ही त्यांच्याबरोबर आत शिरलात की त्यांची दलाली तुमच्या बिलात चढते, मग कितीही घासाघीस केली तरी ती खाली येत नाही. किलिमच्या दुकानात आपल्या पायांनी जावं.

आम्हाला जे दुकान आवडलं ते अशाच एका आतल्या चौकात होतं. दुकानदार साठीचे, हाताखाली एक पोरगा. आत जाताच बसायला बाक, आणि चहा. कंबर आवळलेल्या त्या छोट्या काचेच्या पेल्यात लालभडक कोरा चहा, बशीत साखरेचे दोन खडे. चहा घेतला म्हणजे काही घ्यायलाच हवं असं नसतं. पोरगा एकामागून एक किलिमं पसरत होता. आम्ही आपसात ठरवलं होतं की कोणतं आवडलं ते चेहऱ्यावर दाखवायचं नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्या पाच मिनिटांतच त्यातलं एक ओढून उलटं केलं आणि त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या.

दोन रंग जिथे भेटतात तिथे किलिममध्ये बारीक उभी फट असते. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन मागे वळतो, शेजारच्या रंगात अडकत नाही, म्हणून ती फट राहते. सासूबाईंनी करंगळीचं टोक त्या फटीत घातलं आणि मला म्हणाल्या, "अगं, यांना विचार, ही अशी उघडी का सोडलीय? आमच्याकडे पदराला धागे एकमेकांत अडकवतात, फट राहू देत नाहीत." मी इंग्रजीत विचारलं. दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवरून उठून तेही खाली बसले.

पुढचा अर्धा तास भावाचा विषयच निघाला नाही. त्यांनी नक्षीवर बोट फिरवून दाखवलं की रेघ कुठेही सरळ उभी जात नाही, पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढते. उभी लांब रेघ घेतली तर फट लांब होईल आणि कापड फाटेल. म्हणून किलिमची नक्षी कोनाकोनांची असते. सासूबाईंनी मोबाइलवर आपल्या लग्नातल्या पैठणीच्या पदराचा फोटो काढून दाखवला. त्यातला मोर मोठा करून दाखवला, रंगागणिक वेगळी कांडी कशी चालते ते हातांनी करून दाखवलं. सोन्याच्या जरीवरचं ते मीनाकाम बघून दुकानदारांनी पोराला हाक मारली आणि त्यालाही दाखवलं. दोन देशांतल्या मागांची ती ओळख बघताना मला फार आनंद झाला. माझी जागा दुभाष्याची होती आणि त्या अर्ध्या तासात प्रवासातलं सगळ्यात मोलाचं काही माझ्या पदरात पडत होतं.

आवडलेल्यांतलं एक लाल किलिम होतं. मी पांढरा रुमाल पाण्यात भिजवून लावून बघू का, असं विचारलं. परवानगी मागून हे करावं, त्यात कुणाला राग येत नाही. रुमालावर गुलाबी डाग उमटला. दुकानदारांनी काही न बोलता ते किलिम गुंडाळून मागच्या थप्पीत टाकलं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले रासायनिक रंग अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, पोचले आणि हळूहळू गावागावांतली मुळं-पानं उकळायची विद्या विसरली गेली. 1981 मध्ये मार्मारा विद्यापीठाच्या मदतीने आयवाजिकच्या परिसरात जुन्या वनस्पती-रंगांचं काम पुन्हा सुरू झालं, त्याला दोबाग प्रकल्प म्हणतात. सगळे रासायनिक रंग वाईट नसतात, पण कच्चा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्यात उतरतो. म्हणून रुमाल जवळ ठेवावा.

शेवटी ज्यावर मन बसलं ते विटकरी, नीळ आणि कच्च्या लोकरीच्या पांढऱ्या रंगाचं. मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईचं चिन्ह पुन्हा पुन्हा येत होतं. अनातोलियात हे आईपणाचं चिन्ह मानतात. कोन्याकडचं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, कुणा मुलीच्या रुखवतातलं असावं, असं दुकानदार म्हणाले. भाव 520 युरो.

सासूबाईंनी भावावर काहीच म्हटलं नाही. कडेचा एक कोपरा उचलून उजेडाकडे धरला. तिथे हाताएवढ्या भागात विटकरी रंग किंचित वेगळा होता आणि धाग्याचा पीळही नवा. "इथे रफू झालंय," त्या म्हणाल्या, "पण काम चांगलं आहे." दुकानदारांनी चष्मा लावला, कोपरा दाराशी नेऊन बघितला आणि मान डोलावली. काम चांगल्या हाताचं आहे हे त्यांनाही बरं वाटलं असावं. भाव 450 वर आला. आम्ही काही मागितलंच नव्हतं.

मग मी 280 म्हटलं. का म्हटलं तेही सांगितलं: इतक्याच मापाची, दुरुस्ती नसलेली दोन किलिमं काल 400 ला सांगितली होती, तीही भाव न करता. ते म्हणाले, ती यंत्राच्या सुताची असतील, हे हाताने कातलेल्या लोकरीचं आहे. सासूबाईंनी धागा चिमटीत फिरवला आणि मला हळूच म्हणाल्या, "खरं बोलतायत." आता माझ्या 280 ला जागा उरली नव्हती. मी 300 वर गेले, ते 400 वर आले. दुसरा चहा झाला. गणकयंत्र इकडून तिकडे फिरलं. आम्ही सांगितलं, रात्रभर विचार करतो. दारातून उठून जायचं, की मागून हाक येते, असं सगळे सांगतात. तो डाव मला आवडत नाही आणि आमचा तो हेतूही नव्हता. एवढी मोठी वस्तू घेताना एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, एवढंच. त्यांनी आपल्या कार्डाच्या मागे किलिमचं माप आणि 380 असा आकडा लिहून दिला.

आमचं बोलणं चाललेलं असताना एक परदेशी जोडपं आत आलं होतं. उशीच्या एका अभ्र्याचा भाव करत होतं. नवरा म्हणाला, अमुक इतक्याला द्या. दुकानदारांनी हो म्हटलं. त्यावर दोघं हसून निघून गेले, त्यांना नुसतं बघायचं होतं की कितीपर्यंत खाली येतात. दुकानदारांनी अभ्रा झटकून परत घडी घातला. सासूबाईंना ते फार लागलं. "बोललं की घ्यायचं. घ्यायचं नसेल तर आकडा तोंडातून काढू नये." घासाघिशीचा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळावा. आपला आकडा म्हणजे आपला शब्द असतो आणि त्या बाजारात शब्दावर व्यवहार चालतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजार उघडता उघडता गेलो. गल्ल्या रिकाम्या होत्या, पोरं पाणी मारून फरशा झाडत होती. दुकानदारांनी ते किलिम वरच ठेवलं होतं. मी 320 म्हटलं, ते 350 म्हणाले. कार्डाऐवजी युरोच्या नोटा देऊ म्हटल्यावर 340 वर हात मिळाले. आपल्या पैशांत साधारण 30,000 रुपये. त्यांनी नोटा हनुवटीला लावल्या, मग कपाळाला, आणि मगच गल्ल्यात ठेवल्या. ती त्यांची दिवसाची पहिली विक्री होती. सासूबाईंना ते सांगावं लागलं नाही. "भवानी झाली त्यांची," त्या म्हणाल्या, आणि आपल्या पिशवीतल्या राजगिऱ्याच्या वड्यांचं पाकीट काढून त्यांनी पोराच्या हातात ठेवलं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये, असं तिकडेही मानतात आणि त्यासाठी दुकानदार थोडं सोडायला तयार असतो. पण घ्यायचं नक्की असेल तरच त्या वेळी जावं. नुसती चौकशी करायला सकाळी जाऊन कुणाची भवानी खोटी करू नये.

किलिमची घडी इतकी घट्ट बांधून दिली की ती पाठीवरच्या पिशवीत मावली. पावती मात्र मागून घ्या: माप, लोकर, हातविणीचं, किंमत, सगळं लिहिलेलं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर तुर्कस्तानात कडक निर्बंध आहेत. म्हणून अतिप्राचीन म्हणून कुणी काही गळ्यात मारत असेल तर दोन्हीकडून तोटा: खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर अडकाल. आपल्याकडे परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला तेव्हा 50,000 रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणता येत होता, तिथेही पावतीच कामी येते.

एमिनोन्यूच्या मसाल्यांच्या बाजारात, मिसिर चार्शीत, भाव करण्यापेक्षा डोळे उघडे ठेवायची गरज जास्त. सतराव्या शतकातला हा बाजार शेजारच्या नव्या मशिदीच्या खर्चासाठी बांधला होता. केशराच्या राशी लावलेल्या, त्यातल्या एकीवर 'तुर्की केशर', भाव अगदी स्वस्त. सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेतलं. "ही करडईची फुलं आहेत." आणि होतीच. विक्रेत्याने लगेच मान्य केलं, लपवलं काही नव्हतं, खरं केशर आतल्या डबीत होतं आणि त्याचा भाव कैकपट होता. खऱ्या केशराची काडी कोमट पाण्यात सोडली तर पाणी सावकाश पिवळं होतं आणि काडी लालच राहते. करडईवर कितीही सूट मिळवली तरी ती करडईच. पाटीवरचा भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, हेही वजन करायच्या आधी विचारावं. पिस्ते चाखून बघायला देतात, चाखावेत.

भाव करू नये अशाही जागा आहेत. रस्त्यावरचा तिळाचा गोल पाव, भाजीबाजारातल्या पाट्या लावलेल्या भाज्या, चहाची टपरी, तिथे ठरलेला भाव असतो आणि स्थानिक माणूसही तोच देतो. बोटीने पलीकडे आशियाच्या बाजूला काडिकॉयला मंगळवारचा मोठा बाजार भरतो, तिथे आम्ही गेलो. कडेला एक म्हातारी बाई डोक्याला बांधायच्या रुमालांच्या कडांना सुईने लेस विणत बसली होती. मिरच्यांची, फुलांची, मण्याएवढी बारीक लेस, तिकडे तिला ओया म्हणतात. तिने सांगितला तो भाव आपल्या हिशोबाने काहीशे रुपयांचा होता. मी सवयीने शेजारच्या रुमालाकडे बघत होते, तेवढ्यात सासूबाईंनी पैसे काढून दिले आणि एकाऐवजी दोन घेतले. एका फुलाला किती टाके पडतात ते त्या मोजत होत्या. म्हातारीने ते बघितलं, सुई पुढे केली आणि टाका कसा घ्यायचा ते त्यांना दाखवायला बसली. बोटीची वेळ झाली तरी दोघी उठेनात. मग आम्ही नंतरची बोट घेतली.